दिवा वाढव

विजेच्या कामात पंचक्रोशीत माझ्या तोडीचा माणूस नव्हता. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं. माझी चप्पल नुसती विहिरीच्या काठाशी वाजली तरी जळालेली मोटार आपणहून फिरायला लागे. खांबावर चढलो की करंट अंग चोरून म्हणे, या राव, बसा. त्यामुळे आई अंथरुणाला खिळली आणि डॉक्टर म्हणाले की हिला उजेड सोसणार नाही, तेव्हा घरात मला एकट्यालाच हुरूप आला. उजेड हे माझं खातं होतं.

आईच्या डोक्यात गाठ होती. पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघून घरी न्यायला सांगितलं. मग मी लेण्याद्रीच्या पायऱ्या एका दमात चढलो आणि गणपतीपुढे नारळ वाढवून आलो. एका दमात म्हणजे मध्ये तीनदा बसलो, पण ते देवाला ठाऊक. त्यानं नारळ घेतला, गाठ तशीच ठेवली.

तिची वाचा जवळजवळ गेली होती. दिवसाकाठी दोन-तीन शब्द. उजेड डोळ्यांत शिरला की कपाळाच्या शिरा तट्ट फुगायच्या, पोटातलं पाणीसुद्धा उलटून पडायचं. आणि तिची खोली मधली, बिनखिडकीची. औषध पाजायला, कूस बदलायला भरदुपारी लाईट लागायचा.

बायको म्हणाली, "झिरोचा बल्ब लावा की."

झिरोचा! माझ्यासारख्या माणसानं सख्ख्या आईला झिरोचा बल्ब लावायचा? मी तडक जीप धरून नारायणगावला गेलो. तिथले दुकानदार शेठ मूळ राजस्थानचे, पण मराठी आमच्यापेक्षा धुतलेलं बोलायचे.

"शेठ, लाईटचा रेग्युलेटर द्या. फॅनला असतो तसा."

"त्याला डिमर म्हणतात भाऊ. फिरवाल तसा उजेड कमी-जास्त."

घरी येऊन बोर्ड उघडला, डिमर बसवला, अर्ध्यावर फिरवला. होल्डरला नवा पांढरा सीएफएल होता. तो जो थडथडायला लागला! पापणीत किडा गेल्यासारखी उघडझाप, उघडझाप. भिंती हलल्यासारख्या दिसायला लागल्या. आईनं डोळे घट्ट मिटले आणि तिच्या तोंडून शब्द आला, "वाढव."

मी वाढवला. पूर्ण फिरवल्यावर थडथड थांबली. आई भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिली. मला वाटलं, आराम पडला.

पण अर्ध्यावर का थडथडतो, हे मला चैन पडू देईना. आधी म्हटलं होल्टेज असेल. मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी उंबऱ्यातच थबकायची. पण मोटारी बंद असतानाही तेच. मग वायरी आवळल्या. मग होल्डर बदलला. डिमर खोलून त्यात फुंकर मारली, वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दुसऱ्या फेजवरून लाईन ओढली. चार दिवस हेच. आणि प्रत्येक दुरुस्तीची परीक्षा आईच्या उशाशी. बल्ब थडथडला की आई म्हणायची, "दिवा वाढव." मी आज्ञाधारक लेकासारखा तो लखलखीत करायचो. ती पदर डोळ्यांवर ओढायची. गुदमरेल म्हणून तो मी बाजूला करायचो.

बायकोला शंका आली. "अवो, आईंना उजेड सोसत न्हाई, मग वाढव कशापायी म्हणत्यात?"

"आजाऱ्याचं मन असतं," मी म्हणालो. "अंधाराचं भ्या वाटत आसंल."

पाचव्या दिवशी शेठच्या गल्ल्यावर डिमर आपटला. "शेठ, माल फसवा निघाला."

"बल्ब कोणता लावलाय?"

"सीएफएल."

शेठनं कपाळाला हात लावला. "अहो भाऊ, त्याच्या बुडात सर्किट असतं. त्याला पोटभर वीज लागते, अर्धपोटी ठेवलं की तडफडतो. तुमच्यासारख्या कारागिराला हे मी सांगायचं? साधा तारेचा पिवळा बल्ब लावा."

घरी आलो तर घाटघरची मावशी आलेली, आईची धाकटी बहीण. ती आईचे पाय चेपत बसली होती. मी डिमर पुन्हा जोडला, पिवळा बल्ब लावला आणि हळूच फिरवला. हळदीच्या पाण्यासारखा उजेड पडला. थडथड नाही, काही नाही. मी सगळं घर हाका मारून गोळा केलं.

तेवढ्यात आई म्हणाली, "वाढव."

मी बटण फिरवलं, तशी मावशीनं माझ्या मनगटावर फटका मारला. "आरं मुडद्या, ती वाढव म्हणतीया ना?"

"वाढवतोयच की मावशे!"

"दिवा वाढव म्हंजी घालव! आजाऱ्याच्या उशाला दिवा इझव म्हणत्यात व्हय कुनी? तुझ्या बायकुची बांगडी फुटली तर फुटली म्हणतोस? नारळ फोडला म्हणतोस?"

नव्हतो म्हणत. वाढवला म्हणत होतो. एरवी आमच्या घरात 'लाईट घालव' असंच म्हणत, आईसुद्धा. पण मरण जवळ आल्यावर तिला ते 'घालव' जिभेवर घेववलं नसावं. तिनं तिच्या माहेरचा, तेलाच्या दिव्याच्या वेळचा शब्द काढला होता. आणि मी त्या शब्दावर पाच दिवस तिच्या डोळ्यांत उजेड ओतला होता.

मी बटण बंद केलं. काही दिसेना. मावशीनं चाचपून बघितलं आणि म्हणाली, "कपाळ सैल पडलं बघ."

त्यानंतर औषध आम्ही अंधारात चाचपतच पाजलं. सहा दिवसांनी ती गेली. शेवटी तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, लेकरा, तुझी चूक न्हाई, असं मी नारायणगावच्या चहाच्या टपरीवर पुष्कळदा सांगितलंय. ऐकणारे डोळे पुसतात. असं काही झालं नाही. माझ्याशी ती पुन्हा बोललीच नाही.

आमच्यात जिथं जीव जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवतात आणि तो जपतात. मी तो बाहेर ओसरीवर ठेवला.

भावकीतले म्हातारे चुलते चिडले. "आत ठेव रं, तिच्या जाग्यावर. रीत म्हाईत न्हाई का तुला?"

"म्हाईत हाये," मी म्हणालो आणि मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं.