खपल्या आलेले आलू

चुलीतली गार राख उपसताना तिचा कोरडा वास नाकात शिरला, की लग्नानंतर रिठदच्या परसात मी पहिल्यांदा लावलेले आलू आठवतात. कीड लागू नये म्हणून चुलीतली सगळी राख मी रोज त्याच वाफ्यात ओतायची. आलू काढणीला आले तसं वाशीमला बाबांना फोनवर तोऱ्यात सांगितलं, "रविवारी या, घरचे आलू देते." रविवारी सकाळी खणले, तर एकेका आलूवर खरबरीत, तपकिरी खपल्या! मी रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, "राख लय झाली, बाई. सालीचंच दुखणं हाये, रडून काहून राह्यली?" दुपारी त्यांनी त्याच आलूंचा झणझणीत रस्सा केला आणि बाबांनी तो मागून मागून घेतला. निघताना सासूबाईंनी त्यांच्यापुढे आलूंची पिशवी धरली. कांजण्या आलेल्या पोराच्या उशाशी ठेवतात तसा कडुलिंबाचा डहाळा तिच्यात खोचला होता. "आलूले माता निघाली, व्याही. जपून न्या, खाजवू देऊ नोका!" बाबा इतके हसले की गाडीला किक बसेना. आता मी वाफ्यात राख टाकत नाही, आलू गुळगुळीत निघतात. तरी दर हिवाळ्यात बाबांचा फोन आला की ते आधी आलूंची तब्येत विचारतात, मग माझी.