आधी मयुरा प्यायची

सहावीतली मयुरा मेश्राम शाळेत पाणी पीत नसे. मार्च लागला की नागपूरचं ऊन सकाळीच डोळ्यांत चुरचुरायला लागतं. मधल्या सुट्टीत पोरं नळावर तुटून पडत, आणि ही ओठ फुटलेले असूनही बाजूला उभी. कुणाच्या डब्यातला घासही घेत नसे. वर्गशिक्षिकांना त्यात शिस्त दिसायची.

दीप्ती भोयर त्या शाळेत दर आठवड्याला मुलांची समुपदेशक म्हणून यायची. तिच्याकडे पाठवली जायची ती मारामारी करणारी, वर्गातून पळणारी पोरं. मयुराला कुणीच पाठवलं नव्हतं. दीप्तीने स्वतःहून नाव विचारलं तेव्हा शिक्षिका हसल्या. हिची काळजीच नको, म्हणाल्या. घरचं सगळं करते, लहान बहिणीला सांभाळते आणि वर पहिला नंबर काढते.

दीप्तीने तिला काही विचारलं नाही. दोघी लुडो खेळायला लागल्या. दीप्तीची सोंगटी मारता येत असली तरी मयुरा मारायची नाही. दर वेळी हरायची आणि हरताना दीप्तीच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. एकदा उकाड्याने दीप्तीच्या कपाळाला आठी पडली, तर मयुराचा हात पटावरच थांबला. "मॅडम, माह्यावर राग आला का?" दीप्तीला हे ओळखीचं होतं. मोठ्यांचा चेहरा इतक्या बारकाईने वाचायला मूल हौसेने शिकत नाही. शिकावं लागतं म्हणून शिकतं.

घरातलं हळूहळू कळत गेलं. आई, मेघा, आधी बालवाडीत शिकवायची. वस्तीतली कितीतरी पोरं तिची गाणी म्हणत मोठी झाली होती. श्रावस्ती, धाकटी, चालायला लागली त्या सुमारास मेघाला वाटायला लागलं की पाण्यात कुणीतरी काही कालवतं. आधी ती पाणी दोनदा उकळायची. मग खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. मग कूलरच्या गवताआडून माणसं बोलतात असं तिला ऐकू यायला लागलं. वडील, प्रेमानंद, लांबच्या ट्रकवर; एकदा निघाले की कित्येक आठवडे घरी नसत. मेघा बाहेर कुणाला काही बोलत नसे, आणि मयुराही नाही.

शेवटी एकदा, पटावरची नजर न उचलता, मयुराने सांगितलं, "पाणी आधी मी पेते. मग थोडा वेळ थांबतो आम्ही. मले काही झालं नाई, तं मंग आई पेते."

दीप्तीने आवाज सपाट ठेवला. मग शाळेत का पीत नाहीस, एवढंच विचारलं.

"बाहेरचं पेलं तं आईचा माह्यावर भरोसा राहत नाई. मग ती दिवसभर पाणीच पेत नाई."

दीप्ती इंदोरा वस्तीतल्या त्या घरी गेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फरशी लख्ख पुसलेली होती आणि खोलीत भरदुपारी अंधार. मेघा शांत, नीटनेटकी, गोड बोलणारी. तिने दीप्तीला बसायला सांगितलं, चहा मात्र विचारला नाही. थोड्या वेळाने तितक्याच गोडव्याने म्हणाली, "मॅडम, तुम्हाले कोणी पाठवलं ते मले माहीत आहे." मयुरा झटकन दोघींच्या मधे येऊन उभी राहिली आणि मॅडम शाळेच्या कामाने आल्यात असं सांगायला लागली. ती बोलत असताना मेघाने केस मागे घेऊन घट्ट बांधले. ती खूण ओळखीची असल्यासारखं मयुराने लगेच श्रावस्तीला कडेवर उचलून घेतलं.

प्रेमानंद फोनवर आसामच्या रस्त्यावरून बोलला. त्याच्या मते मेघा थोडी भित्री होती, एवढंच. मे महिन्यात येतो, मग पाहू. उमरेडला मेघाचे वडील नत्थूजी होते, हातमाग सोडलेले, थकलेले. त्यांनी मात्र सांगितलं की मेघाच्या आईलाही असंच होतं. तिला मागच्या खोलीत ठेवायचे. दवाखान्यात कुणी नेलं नाही. ती तिथेच गेली.

सरकारी दवाखान्यात मेघाला दाखवायला हवं होतं, पण ती घराबाहेर पडेना, आणि तिच्या मनाविरुद्ध नेण्यासाठी नवऱ्याने तरी हजर राहायला हवं होतं. तेवढ्यात शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. मयुराला दिवसातले जे काही तास त्या घराबाहेर मिळत होते, तेही गेले.

सुट्टीआधी दीप्ती शेजारच्या सिंधूताईंना भेटली. मेघाला ते आवाज फार झाले की ती कूलर बंद करायची; मयुरासमोरच दोघींनी ठरवलं की दुपारी मेश्रामांचा कूलर ऐकू आला नाही तर सिंधूताईंनी जाऊन दार वाजवायचं. मयुराला दीप्तीने सांगितलं, "आई आजारी आहे हे बाहेर सांगणं म्हणजे आईशी गद्दारी नाही." मयुराने मान डोलावली. दीप्तीला वाटलं, ही मान माझ्यासाठी डोलावली आहे, स्वतःसाठी नाही.

मे महिन्यात ऊन वाढलं. दुपारी गल्लीत माणूस दिसत नसे, फक्त घराघरातून कूलरची घरघर. एका दुपारी सिंधूताई गच्चीवरच्या कुरडया काढून खाली उतरल्या, तेव्हा त्या आवाजात एक आवाज कमी होता.

त्यांनी दार वाजवलं. आतून मेघाचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. पोरी झोपल्यात, म्हणाली, उठवू नका. सिंधूताई परत वळल्या. चार पावलं जाऊन त्या थांबल्या. आवाजात काही चुकलं नव्हतं, तेच त्यांना खटकलं. त्यांनी पुन्हा दार वाजवलं, या वेळी मयुराचं नाव घेऊन.

आत खिडक्यांवर गोधड्या ठोकलेल्या होत्या. मेघाने सकाळीच ड्रम, माठ, बाटल्या सगळं मोरीत ओतून टाकलं होतं. सकाळपासून कुणीच पाणी प्यायलं नव्हतं. श्रावस्ती आधी रडत होती, मग रडायची थांबली. मयुराने तिला हलवून पाहिलं तर तिचं अंग तापलेलं होतं आणि मान सैल पडत होती. मेघा दोघींना जवळ घेऊन कानात सांगत होती की आवाज केला नाही तर ते लोक निघून जातात. पोरींना वाचवायचंच होतं तिला. त्यासाठीच तिने सगळं बंद केलं होतं.

मयुरा उठली आणि तिने कडी काढली. बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून म्हणाली, "मावशी, माह्या आईले बरं नाई."

मेघा ओरडली नाही, धावलीही नाही. तिने मुलीकडे परक्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "तू बी त्यायचीच निघाली."

श्रावस्तीला सलाइन लावलं, संध्याकाळपर्यंत ती डोळे उघडून बोलायला लागली. प्रेमानंद आला, सह्या केल्या, मेघा दवाखान्यात दाखल झाली. औषधं लागू पडायला बराच काळ गेला. ऑक्टोबरात, अशोक विजयादशमीच्या सुमारास ती घरी आली तेव्हा औषधांनी जाड झालेली होती, हात थरथरत होते, पण ती ग्लास उचलून स्वतः पाणी पीत होती. तिला त्या दुपारचं थोडंच आठवत होतं. मयुराला सगळं.

प्रेमानंदने ट्रक सोडला आणि मिहानच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीच्या स्टाफ बसवर लागला. घर सावरलं आणि मयुरा बिघडली. निदान शाळेत सगळे तसंच म्हणायचे. गणितात नापास झाली, एका मुलीला ढकललं, घरात ताटं भिरकावली, आईच्या हाताचं जेवायला नकार दिला. प्रेमानंद डोक्याला हात लावून दीप्तीकडे आला. ही अशी नव्हती, म्हणाला. दीप्तीने त्याला समजावलं की आता कोसळलं तरी कुणी सांभाळेल असं तिला प्रथमच वाटतंय, म्हणून ती कोसळते आहे. त्याला ते पटलं नाही, पण त्याने तिला मारलं नाही, आणि दर आठवड्याला घेऊन येत राहिला. लुडोत मयुरा आता दीप्तीच्या सोंगट्या एकामागून एक मारायची, दात आवळून. एका दुपारी खेळता खेळता तिने विचारलं, "आईनं तसं काहून म्हटलं मले?" आणि पट उधळून रडली. त्यानंतर पुष्कळ महिने ती फक्त रडण्यासाठीच येत होती.

आता मयुरा पॉलिटेक्निकला आहे. मैत्रिणी आहेत, मोठ्याने हसते, आईच्या गोळ्या संपत आल्या की आठवण वडील ठेवतात, ती नाही. गेल्या हिवाळ्यात बऱ्याच दिवसांनी ती दीप्तीकडे आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आजीले झालं, आईले झालं. मले कधी होईन?"

दीप्तीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "होईलच असं नाही. होणार नाही असंही मी सांगू शकत नाही. पण तुझ्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारणारे आहेत."

मयुरा काही वेळ हातातल्या पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मग तिने सांगितलं की हल्ली वर्गात कधी कधी मागून कुणी नाव घेतल्यासारखं वाटतं. ती वळून पाहते तर खरंच कुणीतरी हाक मारलेली असते. प्रत्येक वेळी असते, आजवर तरी. पण हाक ऐकू आल्यापासून वळून पाहीपर्यंत तिचे हातपाय गार पडतात.

दीप्तीने पुढच्या आठवड्यातली वेळ विचारली. मयुरा म्हणाली, येते.