फळीचं दुसरं टोक

सुतारकामाच्या मासिकातल्या कपाटाच्या नकाशात फळी लांबरुंद टेबलावर निवांत पडली आहे, दोन्हीकडून शिकंज्यांनी आवळलेली. माझी कार्यशाळा म्हणजे आमची बाल्कनी. दोन स्टुलांवर टेकवलेली फळी तिथे मावत नाही, म्हणून तिचं टोक दारातून हॉलमध्ये गेलंय आणि ते माझ्या बायकोने, सुमनने, तळहातांवर तोललंय.

सागाची ही एकच फळी उरलीय. चुकली की पुस्तकांचं कपाट गेलं.

नकाशात कुठे माणूसच नाही. तो काढणाऱ्याच्या घरी कोणी राहत नसावं. जागा नसेल तर काय करायचं, हे त्याने कशाला लिहावं? मी कपाट आखूड केलं, खाचांऐवजी स्क्रू घेतले. शिकंज्याच्या जागी मात्र सुमन आहे.

करवतीने कापता कापता बोटभर लाकूड उरलं. आता तिने टोक उचललं तर करवत अडकेल, सोडलं तर लाकूड फाटेल.

"हलू नकोस!" मी खेकसलो.

"हलत नाहीये. तू आधी श्वास सोड."

मी श्वास सोडला. करवत आरपार गेली. फळी न फाटता सुटली, आणि सुमनने तो तुकडा कितीतरी वेळ तसाच, त्याच उंचीवर धरून ठेवला.