कोपऱ्यावर थांबणारा रोबोट

मी तापट माणूस हाय, आधीच सांगतो. बाप मेंढरांमागं फिरला, पण मी वाळूजला गाड्यांच्या फ्रेमांना वेल्डिंग मारलं आणि बजाजनगरात घर बांधलं. माझा जोड तुटला असं कुणी म्हणून दाखवावं!

मग कंपनीत रोबोट आला. साहेब म्हणले, "याला तुम्हीच शिकवा." बटणांचा डबा हातात घेऊन मी जोडाची एकेक जागा दाखवत गेलो, तो ध्यानात ठेवत गेला. शिकला, आणि मला वेल्डिंगवरून काढून त्याचीच राखण करायला बसवलं. डोकं फिरणार नाय तर काय?

त्यात बारावीला असलेली माझी पोरगी म्हणती, "पप्पा, पुढं मला रोबोटिक्सच करायचंय." मी सरळ सांगितलं, "माझ्या पोटावर पाय देणाऱ्याचं नाव या घरात काढायचं नाय." तेव्हापासून आमचा अबोला.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असती, बायकापोरंही येतात. पोरगीही आली आईसोबत, तोंड फुगवून. ज्याचं मशीन त्यानंच हार घालायचा, म्हणून सुपरवायझरनं रोबोटचा हार माझ्यापुढं धरला. "मी नाय घालत," मी म्हणलं. विषय टाळायला साहेबांनी पोरांसाठी रोबोट चालू करून दाखवला.

पोरगी रोबोटभोवतीच्या जाळीला चिकटूनच उभी. बघता बघता अबोला विसरली.

"पप्पा, कोपरा आला की हा जरा थांबतोय. का हो?"

"मी थांबायचो म्हणून. कोपऱ्यात जोड कच्चा राहतो. तिथं घाई केली तर फ्रेम रस्त्यात मोडंल, माणूस जाईल."

"म्हणजे ही तुमची सवय हाय?"

"मग कुणाची, त्याच्या बापाची?"

ती खो खो हसली. मलाही हसू आवरंना. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला होता. एवढं लोखंडाचं धूड, पण कोपऱ्यावर अगदी माझ्यासारखं थांबत होतं. मी घरी झोपलेलो असलो तरी थांबत असणार.

"मग तुम्ही शिकवलेल्याला मी अजून चार गोष्टी शिकवल्या, तर तुमचं काय वाकडं होतंय?"

साहेबांनी रोबोट बंद केला, जाळीचं दार उघडलं. मी सुपरवायझरच्या हातातला हार ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत पोरीच्या हातात दिला.

"घाल. मला येत होतं तेवढं मी शिकवलं याला. पुढचं तू बघ."