न कापलेला मासा

संशोधन केंद्रात तिला सगळे बरणीताई म्हणत. समोर नव्हे, पाठीमागे. पण भिंती पातळ होत्या आणि तिचे कान शाबूत होते. नाक मात्र केव्हाच कामातून गेलं होतं. इतकी वर्षं मासे टिकवायच्या फॉर्मलिनच्या वाफा खाल्ल्यावर दुसरं काय होणार? समुद्राच्या तळातून आलेला प्रत्येक मासा आधी तिच्या टेबलावर यायचा. ती त्याच्या कुशीचा छोटा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये टाकायची, पोट उघडून आतलं वेगळं काढायची आणि मग मासा फॉर्मलिनच्या बरणीत घालायची. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. मांसाला एकदा फॉर्मलिन लागलं की त्यातून माशाचं कूळ शोधणं जवळजवळ अशक्य. नव्या मुलींना ती हे इतक्यांदा ऐकवायची की त्या तिची नक्कल करून हसायच्या.

मुलाला केंद्राच्या जहाजावर चिकटवलं तेही तिनंच. पोरगं घरी बसून बापाशी हुज्जत घालत होतं, म्हणून तिनं केंद्र चालवणाऱ्या मॅडमकडे शब्द टाकला आणि तो दोरखंड ओढायच्या कामाला लागला. गेल्या वर्षी जहाज समुद्रतळाच्या सात किलोमीटर खोल दरीवर उभं होतं. सापळा वर घेताना लाट आली आणि तो डेकवरून गेला. खूप शोधलं, पण सापडला नाही.

समुद्रात मूल गमावलेल्या बाकीच्या आयांना तळाशी काय असतं ते ठाऊक नसतं, तेवढं तरी त्यांचं नशीब. हिनं तो तळ पाहिला होता. सापळ्यावरच्या कॅमेऱ्यानं घेतलेली फिल्म सगळ्यांनी मिळून चहा पीत पाहिली होती. आमिषाचा मासा तळाला टेकतो न टेकतो तोच बोटाएवढे पांढरे किडे त्याच्यावर तुटून पडले आणि बघता बघता नुसता काटा उरला. मग अंधारातून ते गुलाबी, बुळबुळीत मासे आले आणि किडे गिळू लागले. "काय ताव मारतायत बघा!" असं तेव्हा हीच म्हणाली होती. आता ते वाक्य आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे.

या वर्षी जहाज पुन्हा त्याच दरीवर गेलं आणि एकच मासा घेऊन आलं. मॅडमनी बजावल्याप्रमाणे कुणी त्याला चाकू लावला नव्हता. तसाच गोठवून आणला होता. मॅडम तिच्या टेबलाशी आल्या.

"ताई, ही जात नवी आहे असं मला वाटतंय. पण शेजारच्या दरीतला मासा दिसायला डिट्टो असाच आहे. तुकडा तपासला तरच ठरेल. नवी ठरली तर नाव तुमच्या मुलाचं द्यायचं, मी ठरवलंय."

तिनं टेबलावरची ताटली उगाचच पुसली.

"तुम्हाला जमेल ना कापायला? नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगते."

"माझ्या हातचं काम दुसऱ्याला कशाला?" ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. आयुष्यभर बस चालवलेला तो माणूस. मुलगा गेल्यापासून खिडकीतून हलत नव्हता. त्यात मोतीबिंदू. त्या संध्याकाळी मात्र तो दाढी करून खाली उतरला आणि इमारतीतल्या झाडून सगळ्यांना सांगून आला. "पोराची मातीसुद्धा झाली नाही आपल्या हातून," तो रात्री जेवताना म्हणाला, "निदान नाव तरी कुठंतरी राहील."

दुसऱ्या दिवशी मॅडम बैठकीला निघाल्या. "तुकडा काढून ठेवा, मी उद्या बघते," म्हणाल्या. तिनं गोठलेला मासा बर्फाच्या पाण्यात ठेवून मऊ होऊ दिला. हा मासा जरा उबेला ठेवला की ओघळायला लागतो, त्यामुळे विचार करत बसायला सवड नसते. कातडीतून आतलं सगळं दिसत होतं. काळीज दिसत होतं आणि फुगलेलं पोटही. चांगला पोटभर जेवून आला होता. तिनं चाकू उचलला आणि हात जागच्या जागी थांबला. वर्ष झालंय, हे तिला कळत होतं. वर्षापूर्वीचं काही पोटात राहत नाही, हेही तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण किडे काय खाऊन पोसले, त्यांना खाऊन हा कसा पोसला, याच्या अंगात नेमकं काय आहे... मासा ताटलीत सैल पडू लागला होता. तिनं दोन्ही हातांनी तो अलगद उचलला आणि आख्खाच्या आख्खा फॉर्मलिनमध्ये सोडला. मग ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

मॅडमना सकाळी समजलं तेव्हा त्या आधी हसल्याच, चेष्टा वाटली त्यांना. मग चेहरा पडला. "ताई, तुम्ही? अहो, हा एकच होता! आता कसलं नाव आणि कसलं काय!" त्या तिला अद्वातद्वा बोलल्या आणि तिनं ऐकून घेतलं. वर, पोट तरी बघायलाच हवं म्हणून मॅडमनी मासा बाहेर काढून स्वतः उघडला. ताटली हिलाच धरावी लागली. आत पांढरे किडे होते, नेहमी असतात तेवढेच आणि तसेच. तिनं ते मोजून छोट्या बाटलीत भरले. तिच्या हाताला कापही सुटला नाही, याचंच तिला भय वाटलं.

घरी तिची जीभ रेटेना. आठवडा गेला आणि एके दिवशी नवराच इस्त्रीचा शर्ट घालून केंद्राच्या दारात हजर झाला. "दाखव तरी," म्हणाला. तिनं त्याला बरण्यांच्या खोलीत नेलं. त्यानं काचेला नाक लावून डोळे बारीक केले.

"मला धूसर दिसतंय. आतल्या चिठ्ठीवर काय लिहिलंयस? वाच."

तिनं वाचलं. दरी वाचली, खोली वाचली, तारीख वाचली. पुढची, जातीच्या नावाची ओळ कोरी होती. तिथं तिनं मुलाचं नाव वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

त्यानं मान हलवली. मग काचेवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, "शाईनं लिहिलंयस? पाण्यात पुसलं जाईल ना गं."

"पेन्सिलीनं," ती म्हणाली. "पेन्सिलीचं पुसत नाही."