आदर्श शीट

किस्से कसे साठतात ते इंजिनिअरिंगच्या पोराला विचारा. केटीसारखे, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयांसारखे साठतात! एक सुटायच्या आत दुसरी डोक्यावर बसते. फरक एवढाच, की केटी सुटली की माणूस ती विसरतो. हे किस्से आठवले की माझं डोकं आजही तापतं.

परवा पुतण्याच्या कॉलेजातून बोलावणं आलं. "मुलांना अभ्यासाच्या चांगल्या सवयींवर दोन शब्द सांगा." म्हटलं, दोनच शब्द हवे असतील तर आहेत माझ्याकडे, पण ते माईकवरून बोलण्यासारखे नाहीत!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही चौघं. मी अंबरनाथ पूर्वेचा. हरेश उल्हासनगरचा, बापाचं शोकेसचं दुकान. भोईर पालेगावचा, घरी शेती. आणि मिलिंद कांबळे, माझ्याच गल्लीतला. कॉलेज चौघांचं एकच, त्याचं नाव घेत नाही. अभ्यासाला बसायचो वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत. तिथे पंखा होता आणि कुणी हाकलत नव्हतं.

मिलिंद आमच्याहून एक वर्ष पुढे, पण आमच्या वर्षाच्या थर्मो आणि मशीन ड्रॉइंगच्या केटी राहिल्या होत्या त्याच्या, म्हणून तेवढ्यापुरता आमच्या वर्गात बसायचा. ऐन परीक्षेत टायफॉइड झाला होता त्याला. आता त्या सुटल्या नाहीत तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. वडील एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत, छाती पार गेलेली, चार पावलं चालले की बसायचे. मिलिंद अडकला तर शिक्षण बंद आणि वडिलांच्या जागी ड्युटी, हे घरात ठरून गेलं होतं. त्यावर कुणी बोलतही नव्हतं.

*

हरेशची अभ्यासाची पद्धत दुकानातली. मागच्या पेपरांत जे चॅप्टर आले तो 'चालू माल', बाकी सगळा 'डेड स्टॉक'.

"जो बिकता नहीं वो रखने का नहीं, साईं!"

भोईरने आणि मीही डेड स्टॉकला हात लावला नाही. थर्मोचा पेपर हातात आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. अर्धा पेपर डेड स्टॉकमधला! मिलिंद तेवढा मान खाली घालून लिहीत होता.

बाहेर आल्यावर मी हरेशची गचांडी धरणार, तेवढ्यात त्यानेच प्रश्नपत्रिका जमिनीवर आपटली.

"पेपर निकालनेवाले को धंदा ही नहीं आता!"

आता अशा माणसाला मारणार तरी कसं?

*

भोईर मोठ्याने वाचायचा. ओटीवर बसून, इंग्रजीत, अख्ख्या पालेगावाला ऐकू जाईल असं. त्याचे वडील बैलांचं आटपून शेजाऱ्यांना बोलावून आणायचे आणि ऐकवायचे.

एकदा मी तिथेच होतो. भोईर तेच एक पान तिसऱ्यांदा वाचत होता. मी हळूच म्हटलं, "अरे, पान तरी उलट!" तर त्याचे वडील माझ्यावरच उखडले.

"तू गप र! आमचा पोऱ्या काय बोलतं त्या आमाला कायपन कलत नाय. म्हंजे शिकला तो!"

हसू नका. कॉलेजात पाटणकर सरांचं ज्ञानही आम्ही याच मापाने मोजत होतो. कळलं नाही की समजायचं, सर मोठे विद्वान!

*

या पाटणकर सरांकडेच मशीन ड्रॉइंग होतं. खिशाला लाल पेन्सिल, तोंडावर कायम कुणीतरी फसवल्याचा भाव. एकदा मिलिंदने उभं राहून विचारलं, "सर, इथे ही की-वेची खाच का दिलीय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सिलॅबस वाचलास?"

"हो सर."

"त्यात 'का' आहे कुठे?"

वर्ग हसला. मीही हसलो असेन. पण मिलिंद बसला नाही. म्हणाला, "म्हणूनच तुम्हाला विचारलं सर." त्या दिवसापासून सरांनी त्याच्यावर डूख धरला. अरे, पोरगं प्रश्न विचारतंय! शिक्षकाने आनंदाने पेढे वाटायला हवेत, आणि हा डूख धरतो!

*

मग एकदा कॉलेजने एका पाहुण्याला आणलं. विषय: अभ्यासाच्या सवयी. टाय बांधलेला गृहस्थ. मोठं टेबल हवं, म्हणाला. डाव्या बाजूने उजेड हवा. खोली स्वतंत्र आणि शांत हवी, घरच्यांनी दार वाजवता कामा नये.

मिलिंदच्या घरी एकच खोली. त्यात आईवडील, दोन बहिणी आणि हा. वडील रात्रपाळी करून आले की दिवसा तिथेच झोपायचे आणि बहिणी खुणेने बोलायच्या.

मिलिंदने हात वर केला. "सर, स्वतंत्र खोली नसेल तर?"

पाहुणा गोड हसला. "मित्रा, इच्छा असली की सगळं मिळतं!"

"इच्छा आहे सर. खोली नाही."

टाळ्या पडल्या. पण पाहुण्याला वाटलं त्या त्याच्यासाठीच आहेत! तो कमरेत वाकला, थँक्यू म्हणाला आणि शाल-श्रीफळ घेऊन गेला. त्या नारळाचं काय करावंसं वाटलं होतं मला, ते इथे लिहीत नाही.

*

आता जीटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर सीनियरचं शीट आणि त्यावर आपलं कोरं शीट. मग खालच्या रेघा दिसतात तशा गिरवायच्या. दिवसभराचं ड्रॉइंग तासाभरात तयार! काच अर्थात हरेशच्या बापाच्या दुकानातली. सीनियरने तरी ते शीट काढलेलं असायचं का? छे! त्याने त्याच्या सीनियरचं गिरवलेलं.

अख्खा वर्ग जीटी मारायचा, हे सरांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या सोयीचंही होतं. सगळी शीट्स सारखी असली की तपासायला डोकं लागत नाही.

मिलिंद एकटा काचेला हात लावायचा नाही. विहाराच्या फरशीवर ड्रॉइंग बोर्ड टाकून, गुडघ्यांवर बसून, एकेक रेघ स्वतः काढायचा. मी वैतागून म्हणायचो, "अरे, केटी सोडव आधी, तत्त्वं मग पाळ!"

"तत्त्व कसलं? मला येतंय का ते बघतोय," तो म्हणायचा.

प्लमर ब्लॉकचं शीट होतं. प्लमर ब्लॉक म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंगचं घर. वडिलांच्या कंपनीत जाऊन खरा प्लमर ब्लॉक बघून आला पठ्ठ्या! शीट असं देखणं काढलं, की भोईर म्हणाला, "फ्रेम करून लाव रे."

सरांनी ते शीट बघितलं, लाल पेन्सिल काढली आणि आडवी-उभी फुली मारली.

"बेसवरचं भोक कुठे आहे?"

बाकीच्या सगळ्या शीट्सवर बेसच्या कोपऱ्यात एक छोटं गोल भोक होतं. मिलिंदच्या शीटवर नव्हतं.

"सर, तिथे भोक नसतं. पुस्तकात नाही. मी कंपनीतही पाहिलं."

सरांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे कुठल्याशा जुन्या बॅचच्या मुलाचं शीट 'आदर्श शीट' म्हणून काचेत लावलेलं होतं. त्यावरही त्याच जागी काळा ठिपका.

"पुस्तक चुकेल, आदर्श शीट चुकणार नाही. सीट सवलतीत मिळाली म्हणून शीटही सवलतीत पास होईल असं वाटलं का रे?"

चाळीस पोरं गिरवून आलेली, आणि सवलत मागतोय कोण, तर ज्याने स्वतः काढलं तो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही जाते. मिलिंदने शीटची गुंडाळी केली आणि बाहेर आला.

सरांची सही नाही तर ओरलला बसता येत नाही. ओरल नाही तर केटी तशीच. विहारात मी त्याला म्हटलं, "काढ ना बाबा एक गोल! तुझ्या बापाचं काय जातंय?"

माझ्याकडे बघून म्हणाला, "बापाचंच जातंय. म्हणून तर काढतो."

अख्खं शीट त्याने पुन्हा काढलं. भोकासकट. सरांनी न बघता सही केली.

*

ओरलचा दिवस. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, कुठल्याशा कारखान्यातला तरुण इंजिनिअर. शेजारी पाटणकर सर, हात बांधून. केटीवाला मिलिंद आणि आम्ही तिघं एकाच बॅचमध्ये. चौघांची शीट्स टेबलावर शेजारी शेजारी पसरलेली.

एक्स्टर्नलने प्लमर ब्लॉकवर बोट ठेवलं. "हे भोक कशासाठी?"

हरेश म्हणाला, "ऑइल होल, सर."

भोईर म्हणाला, "हवा जायला, सर."

मी म्हटलं, "वजन कमी करायला."

मिलिंदची पाळी आली. तो म्हणाला, "सबमिशनसाठी, सर."

"कांबळे!" पाटणकर सर ओरडले.

एक्स्टर्नलने त्यांना हातानेच थांबवलं. चारही शीट्सवरून नजर फिरवली. मग उठून भिंतीपाशी गेला, काचेतल्या आदर्श शीटला नाक लावून उभा राहिला आणि वळला.

"पाटणकर सर, हे माझं शीट आहे. आणि हे भोक नाही. हा डास आहे. मीच मारला होता. खोडरबरने गेला नाही."

सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि चार शीट्समधून नेमकं मिलिंदचं पुढे ओढून त्यावर फुली मारली.

"एवढी अक्कल नाही? डास काढून आणतोस? रिजेक्ट! भोकाशिवाय काढून आण!"

मिलिंदने पायाशी ठेवलेली गुंडाळी उचलली, सोडली आणि पहिलं शीट त्या शीटशेजारी पसरलं. त्यावर भोक नव्हतं. फुली मात्र होती, तशीच लाल, आणि खाली सरांच्या अक्षरात 'होल कुठे?'

एक्स्टर्नलने एक फुली बघितली. दुसरी बघितली. मग खुर्चीत बसला आणि सरांपुढे हात पसरला.

"सर, ती लाल पेन्सिल द्या इकडे."