डावखुरी गाठ

धुकं उतरलं की लुएला पिंकहॅमचे हात आपसूक चालू व्हायचे. खिडकीशी बसायचं, लाकडी सुईत सुतळी भरायची आणि समुद्रातली शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायच्या पिंजऱ्यांची जाळी विणायची. डोळे अर्धे मिटलेले. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी धुक्यात तिला त्याच्या बोटीचं इंजिन ऐकू यायचं. येवो बापडं, तेवढीच सोबत. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या बंदरातले सगळे पिंजरे तिच्याच जाळ्यांचे, एक एल्डन ग्राइंडलचे सोडून.

एल्डन म्हणजे बंदराच्या पाठीवरचं गळू. लोकांच्या पिंजऱ्यांचे दोर तोच कापतो म्हणायचे. एका अंत्यविधीला चर्चमध्ये शवपेटीसमोर तो खिदळला, हे तर सगळ्यांनीच पाहिलेलं. पंधरा वर्षांपूर्वी भर दुकानात तो लुएलाला म्हणाला होता, "तुझ्या जाळ्यातून शेवंड काय, गाय निघून जाईल!" तेव्हापासून तो स्वतःची जाळी स्वतःच विणायचा, तीही हिरव्यागार सुतळीची. बाकी बंदर पांढरं.

म्हणून बंदरातलाच मच्छीमार रॉस्को बील आपल्या बोटीत डोकं फुटून मेलेला सापडला आणि त्याच्या मुठीतून हिरव्या जाळ्याचा तुकडा निघाला, तेव्हा निकाल द्यायला कोर्टाचीही गरज उरली नाही. एल्डनला बेड्या पडल्या. दुकानात त्या दिवशी कॉफी फुकट होती.

तपास अधिकारी लुएलाकडे आला तो नुसत्या सहीसाठी. शेजारीण व्हर्ना कॉफीच्या निमित्ताने आधीच येऊन बसली होती.

"बाई, हे पिंजऱ्याचं जाळं आहे, एवढंच लिहून द्या."

लुएलाने प्लॅस्टिकची पिशवी उजेडात धरली. गाठी सगळ्या डावीकडे कललेल्या. बाहेर धुक्यात इंजिन धडधडलं आणि थांबलं. तिला गेला हिवाळा आठवला. पांढरी सुतळी संपलेली, कपाटात हिरव्या सुतळीचं अर्धं रीळ, आणि दारात उभा रॉस्को. "विण गं हिरवी. शेवंडं काय रंग बघतात?" दोन पिंजऱ्यांपुरतंच काम ते. एल्डनचा रंग हाताळला म्हणून तिने लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं.

सही केली की काम संपतं. नाही केली तर उद्यापासून तिच्याकडे जाळी विणायला कोण देणार?

"हे माझ्या हातचं आहे," ती म्हणाली. "रॉस्कोच्याच पिंजऱ्याचं."

"लुएला, तू झोपेत बोलतेयस," व्हर्ना पुटपुटली.

"एल्डनचा एवढा पुळका?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पुळका? तो मेला तर मी केक करीन. पण एल्डन उजव्या हाताने विणतो. हे बघा." तिने डाव्या हातात सुई घेतली आणि त्याच्या नाकासमोर चार गाठी मारल्या. चारही तशाच कलल्या. "रॉस्कोचे पिंजरे वर काढा. एकाचं पोट फाटलेलं असेल."

"सगळं बंदर म्हणतंय की..."

"बंदराला विणता येतं का?"

पिंजरे निघाले. दोन हिरव्यांतल्या एकाचं जाळं फाटलेलं होतं, आणि मुठीतला तुकडा तिथे नेमका बसला. रॉस्को पाय घसरून पडला की आणखी काही, ते धुक्यालाच ठाऊक. एल्डन मात्र सुटला.

वसंत आला, तरी लुएलाकडे एकही पिंजरा आला नाही. व्हर्नाने कॉफीला येणं सोडलं. लुएला रिकामी सुई घेऊन खिडकीशी बसून असायची, आणि इंजिन यायचं-जायचं.

एका सकाळी मात्र इंजिन थांबल्यावर पावलं वाजली. धुक्यातून एल्डन आला, त्याने पायरीवर सहा फाटके पिंजरे आणि हिरवं रीळ आपटलं. आभार नाहीत की रामराम नाही.

"घट्ट विण या वेळी," एवढंच म्हणून तो धुक्यात विरला.

"गाय अडकेल इतकं घट्ट विणते!" ती मागून ओरडली. मग सुईत हिरवी सुतळी भरून तिने डोळे अर्धे मिटले.